गृहकर्जातून सहकर्जदाराचं नाव कसं काढायचं? धंद्याचं कर्ज मागायला जाण्याआधी हे वाचा



"सर, माझ्या नावावर एक रुपयाचंही कर्ज नाही, तरी बँक म्हणते तुमच्यावर आधीच बोजा आहे. हे कसं काय?" ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न दर बॅचला कुणीतरी विचारतंच. दहापैकी सात-आठ वेळा उत्तर घरातच सापडतं. पाच-सहा वर्षांपूर्वी दादाने फ्लॅट घेतला, त्याचा पगार थोडा कमी पडत होता, म्हणून धाकट्याने सही केली. हप्ता दादाच भरतो. धाकटा ती सही विसरूनही गेला. पण बँक विसरत नाही आणि सिबिलही विसरत नाही.

व्हिडिओमध्ये वेळेअभावी सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. लेख थोडा मोठा आहे. पण कुणाच्याही गृहकर्जावर तुमची सही असेल, किंवा तुमच्या गृहकर्जावर दुसऱ्या कुणाची सही असेल, तर शेवटपर्यंत वाचा. कागद-पेन घेऊन बसलात तर अजून चांगलं.

आधी ओळखा: तुम्ही नेमके कोण आहात?

"मी सही केली होती" एवढं पुरेसं नाही. सही तीन प्रकारची असू शकते.

१. सहकर्जदार, म्हणजे को-ॲप्लिकंट. कर्ज तुम्ही दोघांनी मिळून घेतलंय. "अर्धं माझं, अर्धं त्याचं" असं बँकेच्या लेखी काही नसतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे दोघांनी मिळून वचन दिलं असेल, तर बँक दोघांपैकी कुणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. ज्याने भरली त्याने दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करायचा, तो नंतरचा आपसातला विषय.

२. जामीनदार, म्हणजे गॅरंटर. कर्ज दुसऱ्याचं, तुम्ही फक्त "त्याने नाही भरलं तर मी भरीन" असं लिहून दिलंय. फक्त म्हटलं तरी त्याच कायद्याचं कलम १२८ सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं म्हणायची सोय सहसा नसते.

३. सहमालक. घराच्या करारनाम्यावर, इंडेक्स टू वर तुमचं नाव आहे. हे कर्जापेक्षा वेगळं आहे. सहमालक असाल तर बँकेने तुम्हाला बहुतेक सहकर्जदार केलेलंच असतं. उलटं मात्र नेहमी खरं नसतं. सहकर्जदार असून घरात काडीचाही हक्क नाही, अशी खूप माणसं आहेत. वडिलांचं नाव कर्जाला, फ्लॅट मात्र एकट्या मुलाच्या नावावर, हे तुम्हीही पाहिलं असेल.

यातलं काय लागू आहे ते शोधायला दोन कागद काढा. एक, कर्जाचं सँक्शन लेटर. दोन, तुमचा क्रेडिट रिपोर्ट. आपल्याकडे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने तुम्हाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. त्यात प्रत्येक खात्यासमोर ओनरशिपच्या रकान्यात इंडिव्हिज्युअल, जॉइंट किंवा गॅरंटर असं लिहिलेलं असतं. तो शब्द बघा. सगळी पुढची वाट तिथून ठरते.

यात तुमच्या धंद्याचं नुकसान कुठे होतं?

आकडे घेऊन बघू, म्हणजे डोक्यात बसेल.

दादा आणि धाकट्याने मिळून ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं. व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो सुमारे २६,०३५ रुपये. आज पाच वर्षं झाली. बाकी आहे साधारण २६ लाख ४४ हजार.

आता धाकट्याला स्वतःचं दुकान टाकायचंय. त्याची महिन्याची कमाई ४५,००० रुपये. बँक काय बघते? कमाईच्या किती टक्के रक्कम आधीच हप्त्यांत जाते. याला एफओआयआर म्हणतात. प्रत्येक बँकेची मर्यादा वेगळी, पण हिशोबासाठी ५० टक्के धरू. म्हणजे धाकट्याला जास्तीत जास्त २२,५०० रुपयांचा हप्ता झेपतो असं बँक मानते. त्याच्या रिपोर्टवर मात्र २६,०३५ चा हप्ता आधीच बसलाय! नवीन कर्जाला जागा शून्य. दादा प्रत्येक हप्ता वेळेवर भरतोय, तरीही.

आणि दादाचा एखादा हप्ता चुकला तर? डाग दोघांच्या रिपोर्टवर पडतो. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ खाली बँक ६० दिवसांची नोटीस पाठवू शकते, आणि त्या कायद्यात कर्जदार या शब्दात जामीनदारही येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. दुसरी बाजूही आहे. वेळेवर भरलं जाणारं गृहकर्ज तुमच्या रिपोर्टवर असणं स्कोअरसाठी वाईट नसतं, उलट चांगलंच. म्हणून नुसतं कुणी सांगितलं म्हणून नाव काढायला धावू नका. पुढच्या दोन-तीन वर्षांत तुम्हाला स्वतःला कर्ज लागणार असेल, किंवा मूळ कर्जदाराच्या कमाईचा भरवसा वाटत नसेल, तरच हा उद्योग करा.

बँक सहजासहजी का सोडत नाही?

आपण दुकानदाराच्या नजरेने बघू. तुम्ही दोन गिऱ्हाइकांच्या मिळून भरवशावर एक लाखाचा माल उधार दिलाय. उद्या एकजण येऊन म्हणतो, "माझं नाव वहीतून खोडा, हा एकटा देईल." तुम्ही खोडाल का? आधी विचाराल, हा एकटा देऊ शकतो का? बँकही नेमकं तेच विचारते.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नाव काढणं हा तुमचा हक्क नाही, ती बँकेची संमती आहे. करार तीन बाजूंचा झालाय, दोन बाजूंनी तो मोडता येत नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दोन भावांनी "यापुढे या कर्जाशी धाकट्याचा संबंध नाही" असं लिहून नोटरी केलं, तरी बँकेच्या दृष्टीने त्या कागदाची किंमत शून्य. तो कागद भावाभावांत उपयोगाचा असेल, बँकेवर बंधनकारक नाही.

नाव काढायचे चार मार्ग

मार्ग १: त्याच बँकेत नाव कमी करून घेणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वेळा यश मिळणारा मार्ग. राहणाऱ्या कर्जदाराने दाखवायचं असतं की उरलेलं कर्ज मी एकटा फेडू शकतो. बँक त्याची कमाई, स्कोअर, वय आणि घराची आजची किंमत नव्याने तपासते. म्हणजे नवीन कर्ज देताना जे बघते तेच सगळं.

आपल्या उदाहरणात दादाला २६,०३५ चा हप्ता एकट्याने ५० टक्क्यांत बसवायचा तर त्याची कमाई महिना ५२,०७० रुपये हवी. समजा त्याची कमाई ४६,००० आहे. मग दोन उपाय आहेत:

- मुदत वाढवणं. उरलेले २६ लाख ४४ हजार पुन्हा २० वर्षांवर नेले तर हप्ता सुमारे २२,९४५ रुपये होतो. ४६,००० च्या कमाईत बसतो. पण फुकट काही नाही. १५ वर्षांऐवजी २० वर्षं भरताना एकूण सुमारे ८ लाख २० हजार रुपये जास्त जातात. शिवाय दादाचं वय मुदतवाढीला बसलं पाहिजे.

- थोडी रक्कम आधी भरणं. मुदत १५ वर्षंच ठेवून हप्ता २२,५०० वर आणायचा तर बाकी साधारण २२ लाख ८५ हजारांवर आली पाहिजे. म्हणजे सुमारे ३ लाख ६० हजार एकरकमी भरावे लागतील. कधीकधी ज्याला बाहेर पडायचंय त्यानेच यातला काही भाग घालणं फायद्याचं ठरतं. बाहेर पडल्यामुळे त्याच्या धंद्याचं कर्ज मोकळं होणार असेल, तर तो खर्च त्याने धंद्याच्या भांडवलातला समजावा.

बँकेने होकार दिला की तोंडी "झालं" ऐकून घरी येऊ नका. सुधारित सँक्शन लेटर किंवा पुरवणी करार होतो, त्यावर सगळ्यांच्या सह्या होतात. तो कागद म्हणजे तुमची सुटका.

मार्ग २: बदली माणूस देणं

धाकटा बाहेर, वहिनी आत. वहिनीला पगार किंवा नियमित धंद्याची कमाई असेल तर बँक हा मार्ग जास्त आनंदाने स्वीकारते, कारण तिच्याकडची सह्यांची संख्या तेवढीच राहते. पॅन, आधार, पगाराच्या स्लिपा किंवा आयटी रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, एवढी तयारी ठेवा. मात्र जो माणूस आत येतोय त्याला हा लेख वाचायला द्या. आज धाकट्याची जी अडचण झालीय ती उद्या वहिनीची व्हायला नको. तिलाही कदाचित टिफिनचा धंदा काढायचा असेल.

मार्ग ३: कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं

यालाच बॅलन्स ट्रान्सफर किंवा टेकओव्हर म्हणतात. दादा एकट्याच्या नावाने दुसऱ्या बँकेत कर्ज घेतो, नवी बँक जुनीचं पूर्ण पैसे देऊन खातं बंद करते. जुनं खातं संपलं की तुमची सहीही संपली. कायद्याच्या दृष्टीने हा सर्वात स्वच्छ मार्ग.

बदलत्या व्याजदराचं, म्हणजे फ्लोटिंग रेटचं गृहकर्ज असेल तर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालापासूनच तो बंद केलाय. फिक्स्ड रेट असेल तर मात्र करारात बघा. नव्या बँकेकडचे खर्च असतात: प्रोसेसिंग फी, वकिलाची तपासणी, व्हॅल्युएशन, गहाणाची स्टॅम्प ड्युटी आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची नोंद. या सगळ्यांची बेरीज आधी लेखी मागून घ्या. व्याजदर थोडा कमी मिळत असेल तर हा खर्च भरूनही निघतो.

एक अडचण आहे. तुम्ही सहमालक असाल तर नवी बँकही तुमची सही मागणारच. तिथे आधी मालकीचा प्रश्न सोडवावा लागतो. त्यावर पुढे येतोच.

मार्ग ४: कर्ज फेडून टाकणं किंवा घर विकणं

शेवटचा पर्याय, पण घरात पटतच नसेल तर कधीकधी हाच बरा. कर्ज पूर्ण फिटलं की बँकेने ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजा उतरवायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.

मालकी वेगळी, कर्ज वेगळं

इथे सगळ्यात जास्त लोक गोंधळतात. धाकट्याने आपला हिस्सा दादाला दिला, इंडेक्स टू वर एकट्या दादाचं नाव आलं, म्हणून धाकट्याची कर्जातून सुटका झाली का? नाही! आता तर वाईटच झालं. घर गेलं आणि कर्ज राहिलं. तसंच कर्जातून नाव निघालं म्हणून घरावरचा हक्क जात नाही. दोन्ही कामं स्वतंत्र आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

क्रम असा ठेवा. आधी बँकेची लेखी तत्त्वतः मंजुरी, मग हिस्सा हस्तांतरित करायला बँकेची एनओसी, मग दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदणी, मग लगेच कर्जाचा पुरवणी करार. गहाण असलेल्या घराचा हिस्सा बँकेला न विचारता फिरवणं म्हणजे कर्जाच्या कराराचा भंग.

हिस्सा द्यायचा कसा? बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र किंवा सरळ विक्री. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिलं तर मूळ स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण नीट वाचा, या यादीत भाऊ नाही. त्यामुळे वडिलांकडून मुलाकडे हिस्सा जाणं स्वस्त, भावाकडून भावाकडे जाणं महाग. हक्कसोडपत्राची सवलतही वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. दोघा भावांनी स्वतः विकत घेतलेल्या फ्लॅटला ती लागत नाही. म्हणून "हक्कसोड करून टाक, दोनशे रुपयांत काम होतं" असं नाक्यावर कुणी सांगितलं तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

आणखी दोन गोष्टी. घर घेताना सरकारी व्याज अनुदान घेतलं असेल आणि त्यासाठी घरातल्या महिलेचं नाव मालकीत घातलं असेल, तर ते नाव हलवण्याआधी बँकेला लेखी विचारा. आणि मालकी बदलली की सोसायटीत शेअर सर्टिफिकेट आणि नॉमिनेशनही बदला. हे काम लोक हमखास विसरतात.

तुम्ही जामीनदार असाल तर

मित्रासाठी, मेव्हण्यासाठी, पतपेढीत ओळखीच्यासाठी सही केलीत. आता तुम्ही बँकेला पत्र लिहिलं, "माझा जामीन मी मागे घेतो." चालेल का? करार कायद्याच्या कलम १३० मध्ये जामीन मागे घ्यायची सोय आहे, पण ती चालू राहणाऱ्या व्यवहारांच्या जामिनाला आणि तीही पुढच्या व्यवहारांपुरती. गृहकर्जात पैसे एकदा देऊन झालेले असतात. तिथे नुसत्या पत्राने सुटका होत नाही.

मग करायचं काय? मूळ कर्जदाराला बदली जामीनदार द्यायला सांगा. किंवा बाकी खूप कमी झाली असेल तर तो मुद्दा पुढे करा. समजा घराची आजची किंमत ४५ लाख आणि बाकी २६ लाख ४४ हजार, म्हणजे कर्ज किमतीच्या ५९ टक्के. एवढं मजबूत तारण हातात असताना जामीनदार कशाला, असा अर्ज मूळ कर्जदाराने स्वतः दिला तर बँक विचार करते. अर्ज त्याचा हवा, तुमचा फक्त सोबत.

आणि तुम्हाला खरंच भरावे लागलेच, तर प्रत्येक पावती जपून ठेवा. भरणाऱ्या जामीनदाराला ती रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा आणि बँकेकडचं तारण मिळवायचा हक्क कलम १४० आणि १४१ देतात.

घटस्फोट आणि मृत्यू

घटस्फोटात कोर्टाने आदेश दिला की हप्ते पतीने भरायचे, तर तो आदेश त्या दोघांना बांधतो. बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती. पतीने हप्ता थकवला तर पत्नीचाही स्कोअर घसरतो. म्हणून तडजोडीच्या अटी लिहितानाच "अमुक महिन्यांत कर्ज एकट्याच्या नावावर करून घेईन, नाही झालं तर घर विकू" असं कलम घालायला वकिलाला सांगा.

सहकर्जदार वारला तर जिवंत असलेल्याची जबाबदारी तशीच राहते. मृत्यूचा दाखला बँकेत द्या आणि पहिली गोष्ट विचारा, कर्जासोबत विमा उतरवला होता का? खूप घरांमध्ये विम्याचा हप्ता कर्जातच जोडलेला असतो आणि घरच्यांना माहीतच नसतं.

नोकरी सोडण्याआधीच हे काम करा

हा मुद्दा खास तुमच्यासाठी. नोकरी सोडून धंद्यात उतरायचा विचार आहे आणि गृहकर्जात काही बदल करायचाय, मग ते स्वतःचं नाव काढणं असो, वडिलांना मोकळं करणं असो किंवा बँक बदलणं असो, ते राजीनामा देण्याआधी करा.

का? आज तुमच्या हातात पगाराची स्लिप आहे. बँकेला ती भाषा कळते. राजीनामा दिलात की तुम्ही नवा धंदेवाला. मग बँक सहसा दोन-तीन वर्षांची आयटी रिटर्न मागते, आणि पहिल्या वर्षी धंद्यात नफा दाखवायला किती जड जातं ते मला वेगळं सांगायला नको. निवृत्तीला आलेल्या वडिलांचं नाव तुमच्या कर्जातून काढून त्यांना निर्धास्त करायचं असेल, तर तुमचा पगार चालू असतानाच तो अर्ज टिकतो.

अर्ज कसा लिहायचा?

शाखेत जाऊन "साहेब, नाव काढायचंय" असं तोंडी विचारलं की "होत नाही" असं तोंडीच उत्तर येतं. लेखी द्या आणि पोच घ्या. नमुना असा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: गृहकर्ज खाते क्रमांक ........ मधून सहकर्जदाराचे नाव कमी करणेबाबत. महोदय, वरील कर्ज आम्ही दोघांनी मिळून घेतले असून आजपर्यंतचे सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. यापुढील संपूर्ण परतफेड मी, मुख्य कर्जदार, एकट्याने करण्यास तयार व सक्षम आहे. त्यासाठी उत्पन्नाचे पुरावे, बँक स्टेटमेंट व क्रेडिट रिपोर्ट जोडले आहेत. आवश्यकता असल्यास घराचे पुनर्मूल्यांकन करण्यास आमची हरकत नाही. तरी सहकर्जदाराचे नाव कमी करावे, अथवा नकार असल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत. आपले विश्वासू," खाली दोघांच्या सह्या.

शेवटचं वाक्य सोडू नका. कारण लेखी मिळालं की पुढची वाट दिसते. कमाई कमी पडतेय असं लिहून आलं तर बदली माणूस शोधा. स्कोअर कमी आहे असं आलं तर सहा महिने तो सुधारा. काहीच उत्तर नाही आलं, तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार द्या, आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि मोफत तक्रार करता येते. लोकपाल बँकेला कर्जाचा निर्णय बदलायला लावेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पण उत्तर न देणं, चुकीची नोंद ठेवणं, कागद अडवणं, यासाठी तो दरवाजा आहे.

नाव निघालं. आता काय तपासायचं?

१. सुधारित करार किंवा जुन्या खात्याचं नो ड्यूज पत्र हातात आहे का?
२. हप्ता तुमच्या खात्यातून कापायचं मँडेट रद्द झालं का? तुम्ही दिलेले कोरे चेक परत मिळाले का?
३. महिना-दोन महिन्यांनी चारही क्रेडिट रिपोर्ट काढा. ते कर्ज तुमच्या नावासमोर चालू दिसतंय का?
४. चालू दिसत असेल तर बँक आणि क्रेडिट कंपनी, दोघांकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.
५. आधी उशिरा भरलेल्या हप्त्यांचा डाग नाव काढल्याने आपोआप पुसला जाईल असं धरून चालू नका.

नेहमीचे प्रश्न

*नाव निघेपर्यंत धंद्याचं कर्ज मिळणारच नाही का?* मिळू शकतं. हप्ता दादाच्याच खात्यातून जातो याचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट दिलं, तर काही बँका आणि फायनान्स कंपन्या तो हप्ता तुमच्या डोक्यावर धरत नाहीत. हे त्यांच्या धोरणावर आहे, पण अर्ज करतानाच स्टेटमेंट जोडा.

*सहकर्जदार म्हणून मला करात सूट मिळते, ती जाईल का?* जुन्या करप्रणालीत व्याजाची आणि मुद्दलाची वजावट मिळायला सहकर्जदारासोबत सहमालक असणं आणि हप्ता स्वतः भरणं लागतं. यातलं काही तुटलं की वजावटही थांबते.

*मी माझ्या धंद्याच्या कर्जाला मित्राला जामीनदार ठेवू का?* वरचं सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा! आधी मुद्रा बघा. त्यात तारण लागत नाही. मर्यादा शिशूला ५० हजार, किशोरला ५ लाख, तरुणला १० लाख, आणि आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये २० लाख. सीजीटीएमएसईच्या हमीखालच्या कर्जालाही तारण आणि तिसऱ्या माणसाचा जामीन लागत नाही. सही मागायला जाण्याआधी ही दारं ठोठावा.

शेवटी एक गृहपाठ. या आठवड्यात तुमचा एक मोफत क्रेडिट रिपोर्ट काढा आणि घरातल्या सगळ्यांना जेवताना एकच प्रश्न विचारा, "कुणाकुणाची कुठे सही आहे?" उत्तरं वहीत लिहून ठेवा. धंद्यात आपण स्टॉक मोजतो, गल्ला मोजतो, उधारी मोजतो. सह्याही मोजायला शिका.

पुढच्या व्हिडिओत बँकेत जाताना प्रोजेक्ट रिपोर्ट कसा तयार करायचा ते बघू. तोपर्यंत, धंदा करा, हिशोबाने करा.